डॉक्टरांची गाडी, फक्त २८ हजार किलोमीटर! जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेण्याआधी फोनला काय विचारायचं?

सेकंड हँड फोन घेताना आपण काय काय करतो ते आठवा. बॅटरी हेल्थ बघतो. आयएमईआय नंबर टाकून चोरीचा तर नाही ना हे तपासतो. स्क्रीनवर पांढरा फोटो लावून डाग शोधतो. समोरचा 'भाऊ, एकदम मक्खन चालतो' म्हणाला तरी दहा मिनिटं कॅमेरा चालू ठेवून फोन तापतो का ते बघतो. पंधरा हजारांच्या वस्तूसाठी एवढी चौकशी.

आणि मी २०२३च्या दिवाळीत ८ लाख ७० हजारांची जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली तेव्हा काय केलं? बॉनेट उघडून आत गंभीर चेहऱ्याने बघितलं (काय बघायचं ते माहीत नव्हतं), टायर दाबून पाहिले, फोन ब्लूटूथला जोडून एक गाणं लावलं आणि पुण्यातल्या एका सर्व्हिस रोडवर चार किलोमीटर गाडी फिरवली. झालं माझं इन्स्पेक्शन.

या पैशांत साडेपाच लाखांचं कर्ज होतं आणि दोन लाख बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांतले होते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच जास्त लागलं.

गाडी डिझेल, २०२०ची, बीएस-६, एकच मालक, रीडिंग २८ हजार. विकणारा म्हणाला, "दादा, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर. एवढं कमी रनिंग तुम्हाला अख्ख्या पुण्यात मिळणार नाही." जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळे डॉक्टरच गाड्या विकत असतात हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण गंमत म्हणजे ही गाडी खरोखरच डॉक्टरांची होती आणि रीडिंगही खरं होतं. घोळ तिथेच होता.

खंबाटकीत लागलेला पिवळा दिवा

पाडव्याला गाडी घरी आली. आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. पुढचे दहा दिवस कोथरूड ते हिंजवडी, तक्रार काहीच नाही. अकराव्या दिवशी, शनिवारी, आईबाबांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट चढताना मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने जीवच टाकला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी चढावर रांगत होती, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि बाबा काहीच बोलत नव्हते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

याला 'लिंप मोड' म्हणतात, म्हणजे लंगडत चालणं. इंजिनच्या कॉम्प्युटरला काहीतरी गंभीर बिघाड दिसला की तो ताकद मुद्दाम कापतो, म्हणजे इंजिनचं आणखी नुकसान होत नाही आणि तुम्ही निदान रस्त्याच्या कडेपर्यंत पोचता. फोन फार तापला की तो स्वतःच ब्राइटनेस कमी करतो, चार्जिंग थांबवतो, तसंच.

कशीबशी साताऱ्याला पोचलो. नातेवाइकांच्या ओळखीचा एक मेकॅनिक आला. त्याने स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलं आणि स्वतःचा साधा अँड्रॉइड फोन काढला. माझी गाडी, आणि तिची कुंडली त्याच्या फोनवर! कोड आला पी२४६३. मग त्याने स्क्रीन खाली सरकवली आणि विचारलं, "गाडी घेताना रीडिंग किती होतं?"

डिलिव्हरीच्या कागदावर २८,४१८ होतं. आता मीटरवर २८,८१२. म्हणजे मी ३९४ किलोमीटर चालवली होती. त्याच्या फोनवर एक ओळ होती, तिचा अर्थ असा: 'कोड पुसल्यापासून कापलेलं अंतर: ४३१ किलोमीटर'.

वजाबाकी तुम्हीच करा. गाडी माझ्या ताब्यात यायच्या ३७ किलोमीटर आधी कोणीतरी तिची बिघाडांची नोंद पुसली होती. फॅक्टरी रीसेट मारलेला फोन पहिल्या दिवशी छानच चालतो, नाही का?

मी विकणाऱ्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. "दादा, डिलिव्हरीआधी आम्ही प्रत्येक गाडी स्कॅन करून क्लिअर करतो. रुटीन आहे ते." खोटं बोलत होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पुसण्याआधी तिथे काय होतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नव्हतं. सहा महिन्यांची वॉरंटी होती, पण ती 'इंजिन आणि गिअरबॉक्स'ची. एक्झॉस्टचा फिल्टर त्यात बसत नव्हता.

कमी रनिंगनेच गाडी आजारी पडली

बीएस-६चे नियम १ एप्रिल २०२०पासून लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा एक फिल्टर असतो. डिझेलच्या धुरातली काजळी तो अडवतो. अडवलेली काजळी साठत जाते, मग ती जाळून टाकावी लागते. गाडी हायवेवर सलग चालली की एक्झॉस्ट तापतो आणि काही काजळी आपोआप जळते. तेवढ्याने भागलं नाही तर कॉम्प्युटर थोडं जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि साफसफाई करतो. या प्रकाराला 'रीजनरेशन' म्हणतात. त्यासाठी गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात न थांबता चालायला हवी.

आता डॉक्टरांचं रूटीन बघा. घर ते क्लिनिक तीन-चार किलोमीटर, मध्ये पाच सिग्नल. इंजिन तापायच्या आत बंद. साफसफाई सुरू होते, अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट. तीन वर्षं हेच. वर जास्तीचं सोडलेलं डिझेल पूर्ण न जळता इंजिन ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी चक्क वाढते. माझ्या गाडीची डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. घेताना मी तेच बघून खूश झालो होतो, की वा, ऑइल भरपूर आहे!

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरने कॉम्प्युटर लावून जबरदस्तीने रीजनरेशन केलं. तीन आठवड्यांत दिवा परत आला. मग फिल्टर उतरवून साफ करून घेतला, ऑइल बदललं, एक प्रेशर सेन्सर बदलला. सगळं मिळून ४१ हजार. नवीन फिल्टर टाकायचा तर कोटेशन लाखाच्या वर होतं, ते वाचलं.

याच काळात मी नाशिकच्या आतेभावाला फोन केला होता, कारण त्याच्याकडे हीच गाडी होती. तेच मॉडेल, तेच इंजिन, तेच वर्ष. तो कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा नाशिक-मुंबई करतो. त्याचं रीडिंग होतं १ लाख १४ हजार. डीपीएफबद्दल विचारलं तर म्हणाला, "ते काय असतं?" चार वेळा टायर आणि ब्रेक पॅड सोडून त्याने गाडीला काही केलेलं नव्हतं. इंटरनेटवर तो या गाडीला पाच स्टार देईल, मी एक दिला असता. दोघंही खरंच बोललो असतो.

मालकांचे अनुभव वाचताना आपण इथेच चुकतो. आपण विचारतो, 'ही गाडी रिलायबल आहे का?' प्रश्न असा हवा: 'या इंजिनाची, या गिअरबॉक्सची, अशा वापरातून आलेली ही एक गाडी मला त्रास देईल का?'

एक नाव, आत गाड्या वेगळ्या

कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा प्रकार आपल्याकडे वाढला त्यामागे कराचं गणित आहे. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, तर गाडी 'छोटी' धरली जाते आणि कर कमी लागतो. म्हणून कंपन्यांनी याच चौकटीत नाना प्रयोग केले: छोटी टर्बो इंजिनं, तऱ्हेतऱ्हेचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. परिणाम असा की एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या.

मारुतीची ब्रेझा घ्या. २०१६ ते २०२० ती फक्त १.३ लिटर डिझेल होती. हे इंजिन मूळचं फियाटचं आणि ते इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की लोक गमतीने त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. गावातला मेकॅनिकही ते झोपेत उघडेल. २०२०मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं आणि त्याच ब्रेझात १.५ लिटर पेट्रोल आलं. त्यामुळे २०१८च्या ब्रेझाच्या मालकाचा इंजिनाबद्दलचा अनुभव २०२१ची ब्रेझा घेणाऱ्याच्या काहीही कामाचा नाही. २०१९मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूत तर साधं १.२ पेट्रोल, १ लिटर टर्बो पेट्रोल आणि डिझेल, शिवाय टर्बोबरोबर ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचा पर्याय. साध्या पेट्रोल मॅन्युअलवाल्याचं समाधान वाचून तुम्ही टर्बो ऑटोमॅटिक घ्याल तर तुम्ही दुसऱ्याच फोनचा रिव्ह्यू वाचलात.

ड्युअल क्लचबद्दल एवढंच सांगतो: छोट्या गाड्यांतला हा गिअरबॉक्स बहुधा 'ड्राय' असतो, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, हवेवरच थंड होतो. मोकळ्या रस्त्यावर मजा येते. पण बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये गाडी इंच-इंच सरकत राहिली की क्लच घासतो आणि तापतो. म्हणून अशी गाडी घेताना ती आधी कुठल्या शहरात, कुठल्या रस्त्यावर होती हे मी किलोमीटरपेक्षा आधी विचारीन.

फोर्ड इकोस्पोर्ट चालवायला मजेशीर, आणि जुन्या बाजारात ती मोहात पाडणाऱ्या किमतीत दिसते. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू असंही कंपनीने सांगितलं. तरी घेण्याआधी आपल्या गावाजवळ सर्व्हिस कुठे होते आणि हेडलाइट, बंपर असले भाग किती दिवसांत येतात, याची चौकशी करायला एक फोन पुरतो.

काडेपेटीएवढं यंत्र आणि तुमचा फोन

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या साताऱ्याच्या मेकॅनिककडे जे यंत्र होतं ते तुम्हीही घेऊ शकता. नाव आहे ओबीडी ॲडाप्टर. ऑनलाइन पाचशे ते हजार-बाराशे रुपयांत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो बसतो. बीएस-४च्या काळातल्या बहुतेक गाड्यांत आणि बीएस-६ गाड्यांत हे सॉकेट असतंच. फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं ॲप टाकायचं आणि ब्लूटूथने जोडायचं.

आयफोनवाल्यांनी थांबा! जुन्या पद्धतीचे साधे ब्लूटूथ ॲडाप्टर आयफोनला जोडता येत नाहीत. तुम्हाला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला ॲडाप्टर लागेल. आणि एकदम स्वस्तातले नकली ॲडाप्टर कधी जोडलेच जात नाहीत, कधी अर्धीच माहिती देतात. म्हणून दुसऱ्याची गाडी बघायला जाण्याआधी घरच्या किंवा मित्राच्या गाडीवर एकदा चालवून बघा. विकणाऱ्यासमोर वीस मिनिटं 'कनेक्टिंग...' बघत बसण्यात शोभा नाही.

जोडल्यावर सगळे पहिल्यांदा 'फॉल्ट कोड' उघडतात. कोड नाहीत असं दिसलं की खूश होतात. मला त्यावर सगळ्यात कमी विश्वास आहे, कारण कोड पुसायला त्याच ॲपमध्ये एक बटण असतं. पाचशे रुपयांच्या यंत्राने कोणीही पुसू शकतो. (दुसऱ्याच्या गाडीत तुम्ही ते बटण चुकूनही दाबू नका. पुरावाही जाईल आणि भांडणही होईल.)

बघायच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. कोड पुसले की इंजिनचा कॉम्प्युटर काही मोजण्या शून्यापासून सुरू करतो. त्यातली एक म्हणजे मी वर सांगितलेली, कोड पुसल्यापासूनचं अंतर. दुसरी, पुसल्यानंतर इंजिन किती वेळा थंडचं गरम झालं त्याचा आकडा. हा २५५ला जाऊन थांबतो, त्यामुळे २५५ दिसलं तर चांगलंच: नोंद बरेच दिवस कोणी छेडलेली नाही. तिसरी गोष्ट 'रेडिनेस मॉनिटर्स'. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर यांसारख्या भागांच्या स्वतःच परीक्षा घेत असतो. कोड पुसले की या परीक्षांचे निकालही पुसले जातात आणि नव्याने पूर्ण व्हायला काही दिवसांचं नेहमीचं ड्रायव्हिंग लागतं. बऱ्याच मॉनिटर्ससमोर 'अपूर्ण' दिसत असेल तर पाटी नुकतीच कोरी केली आहे.

पण लगेच 'चोर चोर' म्हणून ओरडू नका. सर्व्हिस सेंटरही दुरुस्तीनंतर कोड पुसतं, आणि काही गाड्यांत बॅटरी काढली तरी या मोजण्या शून्य होतात. म्हणून कमी आकडा दिसला की शांतपणे विचारायचं: "काही काम केलं होतं का? बिल आहे?" बिलावरची तारीख आणि रीडिंग या आकड्याशी जुळलं तर विषय संपला. बिल नसेल तर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालून झाल्यावर पुन्हा बघायला येतो म्हणून सांगायचं. काही गाड्या यातला एखादा आकडा ॲपला देतच नाहीत, तेव्हा उरलेल्यांवर भागवायचं.

आणि 'यंत्र लावू नका, वॉरंटी जाते' असं कोणी म्हणालं तर? नुसतं वाचल्याने वॉरंटी जात नाही. मी तर तिथूनच परत फिरेन.

एक साधी गोष्ट राहिली, तिला यंत्रही लागत नाही. गाडी थंड इंजिनवर सुरू करून बघा. 'मी यायच्या आधी सुरू करू नका' असं फोनवरच सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. मी गेलो तेव्हा माझी गाडी आधीच गरम करून ठेवलेली होती. थंडीतला आवाज, पहिला धूर, डळमळणारं आयडल, हे सगळं दोन मिनिटांत लपून जातं.

मामेबहिणीची गाडी, सांगलीत

मागच्या वर्षी सांगलीच्या मामेबहिणीने पेट्रोल एसयूव्ही घ्यायचं ठरवलं आणि मला बोलावलं. माझा ४१ हजारांचा अनुभव आता घराण्याची मालमत्ता झालेला आहे.

पहिली गाडी चकाचक. ॲडाप्टर लावला: कोड नाहीत, मॉनिटर्स पूर्ण, पुसल्यापासून सात हजारांवर किलोमीटर. माझ्या फोनच्या मते गाडी पास. पण गाडी २०१९च्या जानेवारीची, सांगलीचीच, आणि ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला काय झालं ते आमच्या मामांना वेगळं सांगायला नको. मामा मागच्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी जो भाग कधीच बाहेर येत नाही, तिथे मातकट रेघ होती, अगदी सरळ, पाण्याच्या पातळीसारखी. मग डिकीतली स्टेपनी उचलली, खाली कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. पुरात बुडालेली गाडी स्वच्छ होते, पॉलिश होते, पण वायरिंगचे सांधे आतून हळूहळू गंजत राहतात आणि दोन-तीन वर्षांनी खिडक्या, सेन्सर, एअरबॅगचा दिवा असं एकेक सुरू होतं. माझ्या हायफाय तपासणीला यातलं काहीही दिसलं नाही. मामांनी चहा न पिताच उठायची खूण केली.

हे मुद्दाम लिहितोय. स्वस्त ॲडाप्टर मुख्यतः इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतो. एबीएस, एअरबॅग यांची माहिती बऱ्याचदा मिळत नाही. सस्पेन्शन, क्लचची झीज, अपघातात वाकलेली चॅसी यांबद्दल तर त्याला काही कळतच नाही. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचाच. त्याला हजार-पंधराशे द्यायला हात आखडू नका.

दुसरी गाडी २०१९चीच, पण मिरजेतल्या एका शिक्षकांकडची, रीडिंग ५२ हजार. मीटरवर विश्वास किती ठेवायचा हे ठरवायला आम्ही टायर बघितले. टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. चारही टायर मूळचे २०१९चे होते आणि ५२ हजारांना शोभेल एवढे झिजलेले. ३० हजार रीडिंगच्या गाडीला चारही नवे टायर दिसले तर का बदलले, हे विचारायचं. सर्व्हिसची बिलंही त्यांनी फाइल करून ठेवलेली, प्रत्येकावर रीडिंग चढतं. मास्तरांची फाइल ती!

ॲडाप्टर लावला. पुसल्यापासून ९,६४० किलोमीटर, गरम होण्याचा आकडा २५५, मॉनिटर्स पूर्ण, कोड नाहीत. गाडी सुरू केली, बॅटरीचा व्होल्टेज १४.१, ठीक. कूलंटचं तापमान ९० अंशांवर जाऊन स्थिर, ठीक. एक आकडा मात्र खटकला: 'फ्युएल ट्रिम', आयडलला अधिक १४ टक्के. म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा १४ टक्के जास्त पेट्रोल सोडत होता, कारण त्याला कुठून तरी जादा हवा येताना दिसत होती. चांगल्या गाडीत हा आकडा शून्याच्या आसपास, दहाच्या आतबाहेर फिरतो. ॲक्सिलरेटर देऊन अडीच हजार आरपीएमला धरलं तर तो ५वर आला. आयडलला जास्त आणि वेग दिला की कमी, याचा अर्थ बहुतेक वेळा हवा कुठून तरी गळून आत शिरते आहे. मेकॅनिकने दहा मिनिटांत इनटेकजवळचा एक चिरलेला रबरी पाइप दाखवला. अजून कोड आला नव्हता, दिवा लागला नव्हता. मास्तरांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

पाइप किरकोळ किमतीचा होता. पण तो दाखवल्यावर भाव करायचं बळ आलं आणि मास्तर पंधरा हजारांनी खाली आले. वर म्हणाले, "ते यंत्र कुठे मिळतं हो?"

कागदांचं थोडक्यात सांगतो. एमपरिवाहनवर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर वेगळं तपासा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर एनओसीचा फॉर्म २८. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करायचा. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे प्रीमियम वाढला तर एजंटशी वाद घालू नका.

माझी गाडी अजून माझ्याकडेच आहे. विकून टाकावी असं फार वाटलं होतं, पण मग पुढच्या माणसाला मी काय सांगितलं असतं? आता दर दुसऱ्या रविवारी सकाळी तिला घेऊन पुणे-सातारा रस्त्यावर अर्धा-पाऊण तास एका वेगात चालवतो, फिल्टरची काजळी जळायला. बाबांना वाटतं मी त्यांना फिरायला नेतो. ॲपवर पुसल्यापासूनचं अंतर परवा १७ हजारांच्या पुढे गेलं. खंबाटकी चढताना ते अजूनही आधी मीटरकडे बघतात, मग रस्त्याकडे.